बेंजामिनचा चेहरा आणि तीन अनोळखी शरीरं

डेव्हिड फिंचरचा ‘द क्युरियस केस ऑफ बेंजामिन बटन’ २५ डिसेंबर २००८ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. तेव्हापासून त्याच्याबद्दल एकच मत निरनिराळ्या तोंडून ऐकू येतं : तंत्र अफाट, गोष्ट पोकळ. म्हातारा जन्मलेला आणि तान्हं बाळ होऊन मेलेला माणूस, त्याची १६६ मिनिटांची कहाणी. ऑस्करसाठी तिला १३ नामांकनं मिळाली आणि पुरस्कार तीन : कलादिग्दर्शन, रंगभूषा आणि दृश्यपरिणाम. समीक्षकांचं मत आणि अकादमीचा कौल असे एकमेकांना पूरक ठरले आणि विषय मिटला.

माझ्या मते तो तिथे मिटायला नको होता. ज्याला सगळ्यांनी ‘तंत्र’ म्हटलं, तो मुळात अभिनय आहे; आणि तो बेंजामिन साकारणाऱ्या एकट्या ब्रॅड पिटचा नसून चार नटांचा आहे. हे तेव्हा कुणी नीट बोललं नाही. आज यंत्राच्या मदतीने कुणाचंही वय मागेपुढे करता येतं, गेलेल्या माणसाला पुन्हा पडद्यावर उभं करता येतं, आणि चेहऱ्यावर हक्क कुणाचा हा प्रश्न न्यायालयात आणि कामगार संघटनांच्या वाटाघाटींत येऊन ठेपला आहे. त्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या सिनेमाच्या पहिल्या सुमारे ५२ मिनिटांत आहे.

आधी आक्षेपांचं बघू, कारण त्यातले काही खरे आहेत. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्टने सिनेमाला चारपैकी अडीच तारे दिले. बनावट देखणी आहे, पण मूळ कल्पनाच चुकीची आहे, वय उलटं चालायला लागलं की मैत्री आणि प्रेम दोन्ही निरर्थक होतात, असं त्याचं म्हणणं होतं. ‘गार्डियन’च्या पीटर ब्रॅडशॉने तर एकच तारा दिला. दुसऱ्या बाजूला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ए. ओ. स्कॉटला सिनेमा मनापासून आवडला. सर्वांत जास्त गाजलेला आक्षेप म्हणजे पटकथाकार एरिक रॉथने १९९४ च्या आपल्याच ‘फॉरेस्ट गम्प’ची पुन्हा मांडणी केली. हा आक्षेप नाकारता येत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतलं बालपण, आयुष्याबद्दल साधीसुधी वचनं सांगणारी आई, युद्ध, बोटीवरचा तोंडाळ कप्तान, लहानपणची मैत्रीण दूर जाऊन परत येणं : सांगाडा तोच आहे. तिथे पीस उडतं, इथे हमिंगबर्ड.

वंशाबद्दलचा आक्षेप त्याहून गंभीर आहे आणि मला तो पूर्ण मान्य आहे. १९१८ सालच्या न्यू ऑर्लिन्समध्ये क्वीनी नावाची काळी स्त्री एका गोऱ्या बाळाला उचलते, वाढवते, गोऱ्या म्हाताऱ्यांचं वसतिगृह सांभाळते, आणि पुढची कित्येक दशकं वर्णभेदाची झळ तिच्या अंगणात येतच नाही. ज्या खटल्यामुळे काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणारं ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व १८९६ मध्ये अमेरिकेभर कायदेशीर झालं, तो होमर प्लेसीचा खटला याच शहरातला, रेल्वेच्या डब्यावरून उभा राहिलेला. सिनेमात रेल्वे स्टेशन आहे, त्यावरचं उलटं फिरणारं घड्याळ आहे, आणि हा इतिहास मात्र कुठेच नाही. ताराजी पी. हेन्सनने क्वीनी इतकी जिवंत केली आहे की ही उणीव जास्तच बोचते.

लांबीचा आक्षेप मला फारसा पटत नाही. रात्रभर संगीत नाटकं ऐकणाऱ्या समाजाचे आपण वारस. पावणेतीन तासांचं आपल्याला काय! अडचण मिनिटांची नाही, ती वाटणीची आहे. २००५ च्या कतरीना वादळात इस्पितळाच्या खाटेवर पडलेली डेझी, म्हणजे बेंजामिनची ती लहानपणची मैत्रीण, आणि त्याची डायरी वाचणारी तिची मुलगी, ही चौकट पुन्हा पुन्हा मध्ये येते आणि दर वेळी लय तोडते.

आता गोष्टीच्या गाभ्याकडे येऊ. मूळ कथा एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची, १९२२ सालची. तिथला बेंजामिन बाल्टिमोरमध्ये १८६० साली जन्मतो तोच मोठ्या माणसाच्या आकाराचा, दाढीवाला, बोलणारा म्हातारा म्हणून. त्याचं मनही म्हातारं आहे आणि शरीराबरोबर तेही मागे जातं. ती उपहासकथा आहे. सिनेमाने एक मोठा बदल केला : शरीर मागे जाईल, मन मात्र सगळ्यांसारखं पुढे जाईल. या एका बदलाने नटापुढचं काम पार पालटलं. आता ऐंशीच्या चेहऱ्यातून सात वर्षांच्या मुलाचं कुतूहल दिसायला हवं. वाकलेली पाठ, मोतीबिंदूने गढूळ झालेले डोळे आणि त्या डोळ्यांत पहिल्यांदाच जग बघणाऱ्या पोराचा हावरेपणा.

हे रंगभूषेने का जमलं नसतं? प्रोस्थेटिक रंगभूषा चेहऱ्यावर काहीतरी चढवते. म्हातारपण मात्र चेहऱ्यातून काढून घेतं. कानशिलं खोल जातात, गालाखालची चरबी ओसरते, ओठ पातळ होतात, मानेचे स्नायू दोऱ्यांसारखे दिसू लागतात, कातडी इतकी पातळ होते की खालच्या शिरा निळ्या दिसतात. भिंतीवर गिलावा चढवता येतो, पण गिलाव्याने भिंत बारीक होत नाही. रंगमंचावर हे खपून जातं. दहाव्या रांगेतल्या प्रेक्षकाला क्रेपची दाढी, स्पिरिट गम आणि चार रेघा पुरतात. क्लोजअपमध्ये चाळिशी ओलांडलेल्या भरदार चेहऱ्यावर चढवलेलं ऐंशीचं सिलिकॉन जाडच दिसणार आणि खालचे बारीक स्नायू त्याच्यातून वर येणार नाहीत. शिवाय बेंजामिन लहान मुलाच्या उंचीचा म्हातारा आहे. ते पिटला कुठल्याही रंगभूषेने साधलं नसतं. प्रत्येक वयाला वेगळा नट घ्यायला फिंचर तयार नव्हता; त्याला सगळ्या वयांत एकच माणूस ओळखू यायला हवा होता.

म्हणून डिजिटल डोमेन या कंपनीतल्या दीडशेहून अधिक लोकांनी सुमारे दोन वर्षं खपून जे केलं, ते पायरीपायरीने बघण्यासारखं आहे.

पहिली पायरी शरीराची. पीटर डोनाल्ड बाडालामेंटी, रॉबर्ट टॉवर्स आणि टॉम एव्हरेट या वेगवेगळ्या उंचीच्या तीन नटांनी सेटवर प्रत्यक्ष भूमिका केली. डोक्यावर निळं टोपरं आणि त्यावर खुणेचे ठिपके. बाकी सगळं खरं : चाकाची खुर्ची, जेवणाचं टेबल, समोर खरे सहकलाकार, खरा प्रकाश. तंबूतल्या धर्मोपदेशकापुढे बेंजामिन खुर्चीतून उठतो, पडतो, पुन्हा उठतो आणि पाय ओढत चालू लागतो, ते आठवून बघा. गुडघा कुठे अडतो, वजन कोणत्या पायावर आधी पडतं, हात आधार कुठे शोधतात, हे सगळं ज्याने केलं त्याचा चेहरा आपण कधी पाहिलाच नाही.

दुसरी पायरी शिल्पाची. पिटच्या चेहऱ्याचा साचा घेऊन रिक बेकर आणि काझू त्सुजी यांनी साठ, सत्तर आणि ऐंशी या वयांचे त्याचे खऱ्या आकाराचे तीन अर्धपुतळे घडवले. एकेक केस रोवलेला, कातडीवरचे डाग आणि शिरांसकट. मग त्यांचं सूक्ष्म स्कॅनिंग झालं. म्हणजे संगणकात गेलेला म्हातारा आधी माणसाच्या हातांनी घडला. हे महत्त्वाचं आहे : पिट म्हातारा झाल्यावर कसा दिसेल हा निर्णय यंत्राने घेतलेला नाही, चेहरे जाणणाऱ्या दोन शिल्पकारांनी घेतला.

तिसरी पायरी हावभावांचा कोश. चेहऱ्यावर शंभरेक ठिपके लावून हालचाल टिपायची जुनी पद्धत इथे अपुरी होती, कारण दोन ठिपक्यांमधली कातडी काय करते ते तिला कळतच नाही. त्याऐवजी मोव्हा कंपनीचं कॉन्टूर हे चेहरा टिपणारं तंत्र वापरलं. अंधारात चमकणारी भुकटी चेहऱ्याला लावायची, दिवे डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने उघडझाप करायचे आणि भोवतीच्या अनेक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी टिपायचं. त्यातून प्रत्येक फ्रेमला चेहऱ्याच्या पृष्ठभागाचे लाखभर बिंदू मिळाले. पिटने काय करायचं याचा आधार होता मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या वर्गीकरणाचा. १९७० च्या दशकात त्यांनी चेहऱ्याच्या हालचाली स्नायूंनुसार मोजल्या होत्या : फक्त भुवईचं आतलं टोक वर, फक्त वरचा ओठ, फक्त डोळ्याखालचा भाग. हे सुटे सूर एकदा टिपले की त्यांच्या मिश्रणातून कुठलाही भाव बांधता येतो.

चौथी पायरी खऱ्या अभिनयाची. शरीर-नटांनी केलेली दृश्यं संकलित झाल्यावर पिट स्टुडिओत बसला, ती दृश्यं बघत बघत त्याने फक्त चेहऱ्याने आणि आवाजाने भूमिका केली आणि फिंचरने त्याला दिग्दर्शित केलं. अनेक बाजूंनी कॅमेरे लावले होते. शरीर आधी, चेहरा मागाहून. म्हणजे पिटला दुसऱ्याच्या खांद्यांच्या लयीत स्वतःचे डोळे बसवावे लागले. डबिंग करणाऱ्या कलाकारांना हा प्रकार परका वाटणार नाही. ते आवाजाने जे करतात, तेच त्याने अख्ख्या चेहऱ्याने केलं.

पाचव्या पायरीला खरी दमछाक. पिटच्या स्नायूंची हालचाल ऐंशीच्या चेहऱ्यावर जशीच्या तशी चढवली की ती बिघडते. घट्ट कातडीवरचं मंद हसू सैल कातडीवर नेलं तर ते दुखण्याने तोंड वेंगाडल्यासारखं दिसू शकतं; स्नायू तेवढाच आखडतो, पण वर लोंबणारा भार वेगळा असतो. इथे संगणक हात टेकतो. ॲनिमेटरला बसून ठरवावं लागतं की हा भाव मुळात काय सांगत होता आणि म्हाताऱ्या चेहऱ्यावर तोच अर्थ कशाने पोचेल. मग डोळे : पापणीच्या काठावरची ओलाव्याची बारीक रेघ, बुबुळावरचा खोलीतल्या दिव्याचा ठिपका, कोपऱ्यातला गुलाबी मांसल भाग. यातलं एक राहिलं तरी चेहरा प्रेतवत दिसतो आणि प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, नुसती शिसारी येते. जपानी संशोधक मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच हे लिहून ठेवलं होतं : माणसासारखी दिसणारी वस्तू माणसाच्या फार जवळ आली आणि थोडीशी चुकली, की आपुलकीची जागा एकदम घृणा घेते.

आणि शेवटी सांधा. डिजिटल डोकं खऱ्या मानेवर कॉलरच्या रेषेत बसवायचं. ट्रॅकिंग, म्हणजे हलत्या शरीराचा फ्रेमगणिक घेतलेला माग, केसभर चुकलं तरी डोकं धडावर तरंगतं. सेटवरच्या प्रत्येक दिव्याची जागा आणि तीव्रता मोजून तोच प्रकाश संगणकात उभा करावा लागतो, नाहीतर चेहरा एका खोलीत आणि कोट दुसऱ्या खोलीत असल्यासारखा दिसतो. असे तीनशेहून जास्त शॉट. एरिक बार्बा, स्टीव्ह प्रीग, बर्ट डाल्टन आणि क्रेग बॅरन यांना या कामाचं ऑस्कर मिळालं ते रास्तच होतं.

इतकं सगळं समजून घेतल्यावर ‘थंड तंत्र’ हे शब्द मला टिकत नाहीत. नव्वदीतल्या माणसांच्या घरात, टेबलाच्या टोकाशी बसलेला तो चिमुकला म्हातारा पंगतीकडे टुकूटुकू बघतो, तेव्हा जे काळजाला लागतं ते अभिनयाने लागतं. सिनेमा सैल पडतो तो नंतर, नेमका जिथे डिजिटल डोकं संपतं तिथे. आधी ग्रेग कॅनमची रंगभूषा, मग पिटचा स्वतःचा चेहरा, मग लोला कंपनीने नाक-कान-हनुवटीखालची कातडी आवरून तरुण केलेला पिट. चित्रं सुंदर आहेत, पण सुंदर माणसाला आता काही करावंच लागत नाही. तो मोटारसायकलवर बसतो आणि प्रकाश त्याच्यावर पडतो. ईबर्टला अख्ख्या कल्पनेत जी पोकळी दिसली, ती मला फक्त या उत्तरार्धात दिसते. आणि तिचं कारण कल्पनेत नाही. शरीर अडचण उभी करत नाही तोवर बेंजामिनला व्यक्तिमत्त्वच मिळत नाही, हे पटकथेने ओळखलं नाही. शेवटी लहान मुलाच्या अंगात स्मृतिभ्रंश झालेला म्हातारा येतो, ‘मी जेवलोच नाही’ म्हणून भांडतो, आणि सिनेमा पुन्हा उभा राहतो.

ययातीची गोष्ट आपल्याला पाठ आहे. त्याला तारुण्य मिळालं, कारण पुरूने त्याचं म्हातारपण अंगावर घेतलं. वय फुकट बदलत नाही, कुणीतरी ते देतं, हा त्या कथेचा कणा आहे. बेंजामिनच्या कथेत कुणालाच काही द्यावं लागत नाही, म्हणून ती ययातीइतकी खोल जात नाही. सेटवर मात्र दिलं गेलं. पिटने म्हातारपण तीन माणसांच्या शरीरांतून घेतलं. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं नामांकन पिटला मिळालं. त्या तिघांना अशा भूमिकेसाठी नामांकन देण्याची सोयच अकादमीच्या वर्गवारीत नव्हती, आजही नाही.

शरीराला किती वजन असतं ते दहा-अकरा वर्षांनी उलट बाजूने दिसलं. २०१९ च्या मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘द आयरिशमन’मध्ये सत्तरी ओलांडलेल्या रॉबर्ट डी नीरोचा चेहरा तरुण केला. तंत्र दहा वर्षांनी पुढे गेलेलं, चेहऱ्यावर ठिपकेही नाहीत, कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना इन्फ्रारेड टिपणारे आणखी कॅमेरे. तरीही दुकानदाराला रस्त्यावर लाथा घालण्याच्या दृश्यावर प्रेक्षक अडले. चेहरा तरुण माणसाचा, पण लाथ उचलते ती म्हातारी कंबर. चेहऱ्यावर करोडो खर्च करून चालीकडे दुर्लक्ष केलं की हेच होतं. बेंजामिनच्या बाबतीत ते झालं नाही, कारण तिथे शरीराला नट मानलं होतं.

ज्यांनी हे घडवलं त्यांचं पुढे काय झालं? डिजिटल डोमेनने सप्टेंबर २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला; ऑस्करला चार वर्षंही झाली नव्हती. ती विकत घेणाऱ्यांत एक चिनी कंपनी होती आणि मुंबईची रिलायन्स मीडियावर्क्स होती. पुढच्याच वर्षी ‘लाइफ ऑफ पाय’चा वाघ घडवणारी रिदम अँड ह्यूज दिवाळखोरीत गेली, तिचा स्टुडिओ मुंबईतही होता. कॉन्टूरच्या मालकीवरून अमेरिकेत वर्षानुवर्षं खटले चालले. यंत्र कुणाचं यावर भांडायला वकील मिळतात; त्या यंत्रापुढे बसून ज्यांनी रोटो (फ्रेममधली आकृती कापून वेगळी करणं), ट्रॅकिंग आणि कंपोझिटिंग (सगळे थर एका चित्रात बसवणं) केलं, त्यांची नावं श्रेयनामावलीत बसली तरी खूप. मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नईतल्या व्हीएफएक्स, म्हणजे दृश्यपरिणामांच्या, स्टुडिओंमध्ये रात्रपाळ्या करणाऱ्या मुलामुलींना यातली प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटेल.

२२ फेब्रुवारी २००९ च्या ऑस्करच्या रात्री याच सिनेमाला मुंबईच्या कथेने धूळ चारली होती. ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या आठ पुरस्कारांपैकी सात विभागांत ‘बेंजामिन बटन’ही स्पर्धेत होता. ए. आर. रहमान आणि रसूल पूकुट्टी यांचं कौतुक करताना आपण त्या दुसऱ्या सिनेमाने काय सोडवलं होतं हे बघायचं विसरलो. तोच रहमान २०२४ मध्ये ‘लाल सलाम’च्या गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयने आणतो, तेव्हा कुटुंबांची परवानगी घेतल्याचं आणि त्यांना मोबदला दिल्याचं सांगतो. त्याने सांगितलं हे चांगलं केलं. पण ती त्याची सभ्यता आहे, नियम नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती ‘अंबिकापती’ नव्या शेवटासह पुन्हा प्रदर्शित झाली. मूळ सिनेमात मरणारा नायक एआयने जिवंत केलेला. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष या दोघांनी जाहीरपणे हरकत घेतली, आणि सिनेमा तरीही लागला.

‘हे तर नुसतं पुढचं तंत्रज्ञान, बटनच्या वेळी चाललं तर आता का नको?’ असा प्रश्न विचारला जातो, आणि तो प्रामाणिक आहे. फरक कामाच्या क्रमात आहे. बेंजामिनच्या प्रत्येक फ्रेममागे पिटने त्या दृश्यासाठी, दिग्दर्शकाच्या समोर, स्वतःच्या इच्छेने केलेला अभिनय आहे. चेहरा त्या अभिनयाला चिकटून हालतो. ‘अंबिकापती’त डोळे उघडणाऱ्या नायकामागे त्या क्षणी कुणी अभिनयच केलेला नाही. पहिल्यात यंत्राने नटाचं काम पोचवलं, दुसऱ्यात नटाच्या जागी यंत्र उभं केलं. दोन्हींना ‘व्हीएफएक्स’ म्हणून एकाच खात्यात टाकणं ही आपली ढिलाई आहे. आणि तिची सुरुवात अभिनयाला तंत्र म्हणण्यापासून झाली.

अमेरिकेतल्या नटांनी हा फरक कागदावर आणायला २०२३ मध्ये ११८ दिवस संप केला. त्यातून झालेल्या करारात डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला आला. कशासाठी वापरणार ते पुरेसं नेमकं लिहिलेलं असल्याशिवाय संमती धरायची नाही हेही आलं. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाने त्याच दिशेने दोन कायदे केले, एक जिवंत कलाकारांसाठी आणि एक दिवंगतांसाठी.

आपल्याकडे काय आहे? २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूरच्या, आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या बाजूने अंतरिम आदेश दिले. चेहरा, आवाज, लकबी यांची एआयने केलेली नक्कल त्यांनी रोखली. पण हे तारे आहेत. त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे. बॉडी डबलकडे, ज्याला आपली इंडस्ट्री सरळ ‘डुप्लिकेट’ म्हणते, त्याच्याकडे काय आहे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलाकारांना ३८ ब कलमाखाली नैतिक हक्क दिले : आपलं नाव लागण्याचा हक्क, आणि प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्क. त्याच दुरुस्तीने कलाकाराच्या व्याख्येला एक परंतुक जोडलं. सिनेमातलं काम किरकोळ किंवा प्रासंगिक असेल आणि धंद्याच्या नेहमीच्या रीतीनुसार त्याची श्रेयनामावलीत दखल घेतली जात नसेल, तर तो माणूस कायद्याने कलाकारच नाही. मोडतोडीविरुद्धचा हक्क तेवढा त्याला शिल्लक राहतो.

मेख इथे आहे. नाव द्यायची रीत नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून नाव मागता येत नाही. ‘किरकोळ’ काय हे ठरवणार कोण? चेहरा दिसत नाही म्हणून काम किरकोळ असं उद्या कुठलाही निर्माता म्हणू शकतो. बेंजामिनच्या श्रेयनामावलीत त्या तिघांची नावं आहेत, आणि ती बेंजामिनच्या नावापुढेच आहेत. फिंचरच्या सिनेमाने हे तरी नीट केलं. आपल्याकडे तेवढंही गृहीत धरता येत नाही.

म्हणून मागणी करारापासून सुरू व्हायला हवी, कायदा होईल तेव्हा होईल. नटाचा चेहरा स्कॅन केला तर ती फाइल कुणाकडे राहणार, किती काळ, आणि सिनेमा पुरा झाल्यावर पुसणार की नाही, हे करारात लिहावं. एका सिनेमासाठी दिलेली संमती पुढच्या भागाला, जाहिरातीला, गेमला आपोआप लागू होणार नाही असं स्पष्ट शब्दांत असावं. ‘ज्ञात-अज्ञात, वर्तमान-भविष्यातील सर्व माध्यमांसाठी’ हे जे वाक्य सर्रास करारांत असतं, त्याखाली नवोदित नट-नटी डोळे मिटून सही करतात. ते डिजिटल प्रतिकृतीपुरतं वगळावं. नटाच्या मृत्यूनंतर परवानगी कुणाकडून घ्यायची, त्या वारसांची नावं हयातीतच लिहून घ्यावीत. ज्याच्या शरीरावर दुसऱ्याचा चेहरा बसवला, त्याचं नाव भूमिकेच्या नावासह यावं, ‘विशेष आभार’च्या गर्दीत नको. आणि चेहरा किंवा शेवट नंतर बदलायचा झाला तर दिग्दर्शक आणि नट दोघांची नव्याने लेखी संमती लागावी.

कमी बजेटच्या मराठी निर्मात्याला हे झेपेल का, अशी शंका कुणी काढेल. दोन वर्षं राबणारी दीडशे माणसं त्याला परवडणार नाहीत हे खरं आहे, आणि म्हणूनच तो स्वस्त एआयकडे आधी वळेल हेही खरं. पण वर जे मागितलं आहे त्यात स्टुडिओचं भाडं नाही, नवा कॅमेरा नाही. स्कॅन पुसण्याचं कलम ही करारातली एक ओळ आहे, आणि शरीर-नटाचं नाव ही श्रेयनामावलीतली एक ओळ.